गॅसवाल्याच्या घरचं कनेक्शन

गल्लीत त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे. तरुणपणी ते नुसते गॅसवाले होते, केस पांढरे झाले तसे गॅसवाले काका झाले. गॅस कंपनीत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. सुरुवातीला पाइपांसाठी चर खणण्याचं काम, मग जोडारी, मग घरोघर जाऊन गळती शोधणं. त्यांचं नाक म्हणजे कंपनीची मालमत्ता आहे आणि ते सर्दी झाली तरी रजेवर जात नाही, असं त्यांचा जोडीदार जाड्या सगळ्यांना सांगायचा. कुणाकडे चहाला गेले तरी काका आधी स्वयंपाकघरात डोकवायचे, शेगडीच्या नळीवरून हात फिरवायचे आणि मगच खुर्चीवर टेकायचे. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "लोक आपल्याला पाहुणे म्हणून बोलावतात, आणि तुम्ही तपासणी करून येता," त्या घरी आल्यावर म्हणायच्या.

काकू शिवणकाम करायच्या. नवे कपडे त्या फारसे शिवत नसत, त्यांचं काम दुरुस्तीचं. पँटी आखूड करायच्या, कोटाचं अस्तर बदलायचं, तुटलेली चेन बसवायची, वाढत्या अंगाच्या पोरांच्या कपड्यांची दुमड दोन बोटं सोडून द्यायची. जिभेला धार होती, पण हात हलका. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं असलं तर त्या कधी तसं म्हणत नसत. "कापड आटलंय जरा," असं म्हणून कंबर सैल करून देत.

घर एका ओळीतल्या घरांपैकी होतं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्यामागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी आणि घर तापवणारा गॅसचा बॉयलर होता, त्याच्या बाजूला चार ज्योतींची शेगडी. घरात सगळ्यात जास्त ऊब तिथेच. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात काकांनीच शिलाई मशीन उचलून तिथे आणलं, दोऱ्याच्या रिळांसाठी फळी ठोकून दिली, दिवा खाली ओढून दिला. काकू दिवसभर तिथेच बसत. कोटाच्या शिवणी वाफेवर बसवायला लागतात म्हणून एका ज्योतीवर पाण्याचं पातेलं सतत मंद आचेवर असे.

एकच अडचण होती. जिथे काकू बसत तिथेच त्यांच्या मानेमागे भिंतीत हवेची जाळी होती, ताटलीएवढी. गॅस जळतो त्या खोलीत बाहेरची हवा आत यावी म्हणून ती ठेवावीच लागते. बाहेर बर्फ पडायला लागलं की तिच्यातून वारा सुईसारखा आत यायचा. मानेवर कुणी ओला रुमाल ठेवल्यासारखं वाटतं, असं काकू म्हणाल्या. त्या रविवारी काकांनी कोटाच्या अस्तरातला कापूस जाळीत ठासून भरला, वर पत्र्याचा तुकडा स्क्रूने आवळला आणि भिंतीच्या रंगाचा हात मारला. जाळी होती की नव्हती हे शोधून सापडलं नसतं.

हेच काका लोकांच्या घरी जाळीपुढे कपाट दिसलं की ते तिथल्या तिथे सरकवायला लावत. एका म्हाताऱ्या मास्तरांनी जाळीवर चित्र टांगलं होतं तर काकांनी त्यांना पाऊण तास सुनावलं होतं. पण स्वतःच्या घरी त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. बायकोला थंडी वाजत होती आणि त्यावरचा इलाज त्यांच्या हातात होता, एवढंच. पुढे ते विसरूनही गेले. वर्षं गेली. मुलगी झाली, शिकली, दुसऱ्या शहरात शाळेत विज्ञान शिकवायला लागली.

पन्नाशी ओलांडली तसा काकूंना खोकला लागला. आधी हिवाळ्यापुरता, मग बाराही महिने. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या तरी त्या कठड्याला धरून उभ्या राहत आणि कुणी पाहतंय असं दिसलं की पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करत. डॉक्टरांनी श्वासातून औषध ओढायचा पंप दिला. काकू हसण्यावारी न्यायच्या. "मशीन कुरकुरलं की तेलाचा थेंब सोडता, मला काय सोडणार?" असं म्हणायच्या.

मुलीने पहिल्यांदा विषय काढला तो फोनवर. घरातून गॅस काढून टाका, असं तिने सरळ सांगितलं. शेगडी विजेची घ्या, आणि घर उबदार ठेवायला हीट पंप बसवा. तिच्या शाळेतल्या दोघींनी घरी बसवला होता. काकांना ते अंगाला लागलं. ज्या गॅसवर तुझं शिक्षण झालं तोच आता विषारी झाला का, असं ते म्हणाले. मुलीने शांतपणे सांगितलं की आईची छाती नाजूक आहे आणि ती दिवसभर ज्योतीशेजारी बसते. काकांनी फोन काकूंच्या हातात दिला.

पण शंका मनात राहिलीच असावी. कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी कामावरचं मीटर घरी आणलं. काकू दुपारी पडल्या होत्या. काकांनी चारही ज्योती पेटवल्या, बॉयलर चालू केला आणि मीटर मशीनशेजारी, काकूंच्या तोंडाच्या उंचीवर धरून अर्धा तास उभे राहिले. मीटरने शून्य दाखवलं. गळती शून्य, कार्बन मोनॉक्साइड शून्य. त्यांनी त्याचा फोटो काढून मुलीला पाठवला.

त्या शून्याने दोन वर्षं खाल्ली. मुलगी काही बोलली की काका शून्य पुढे करायचे. काकू मध्ये पडायच्या, दोघांनाही गप्प करायच्या. त्यांना स्वतःला काय हवं होतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि काकांनी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर काकूंना दवाखान्यात ठेवावं लागलं. अकरा दिवस. मुलगी रजा टाकून आली. छातीच्या डॉक्टर बाई वयाने मुलीएवढ्याच, पण प्रश्न बारकाईने विचारणाऱ्या. घरात काय जळतं, कुठे जळतं, पेशंट कुठे बसते, किती तास बसते, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. काकांनी मोठ्या विश्वासाने मीटरची गोष्ट सांगितली. डॉक्टर बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"तुमचं मीटर बरोबरच असेल," त्या म्हणाल्या. "पण ज्योतीतून नायट्रोजनचा एक वायू निघतो, तो ते मोजतच नाही. तुम्हाला-मला कळणारही नाही. यांची छाती मात्र तो रोज थोडी थोडी सोलून काढतो. स्वयंपाकघरात हवेला जाळी आहे ना?"

"आहे," काका म्हणाले.

काकूंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी काकांकडे एकदा पाहिलं आणि मग मान खिडकीकडे वळवली.

काका त्या संध्याकाळी घरी आले, बूटही न काढता स्वयंपाकघरात गेले आणि स्क्रू ड्रायव्हरने भिंत खरवडायला लागले. रंगाचे चार थर होते. स्क्रू गंजून बसले होते, दोन तुटले. पत्रा निघाल्यावर आतून काळाकुट्ट, दमट कापसाचा गोळा बाहेर आला. तो हातात घेऊन ते मशीनच्या स्टुलावर बसले. भोकातून वारा येत होता आणि तो बरोबर मानेवरच येत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हीट पंपासाठी अर्ज केला. कंपनीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. गॅसवालाच गॅस सोडतोय, असं लोक तोंडावर म्हणायला लागले. जाड्याने मात्र थट्टा केली नाही. त्याने काकांच्या पाळ्या आपल्या नावावर घेतल्या.

हीट पंप बसवायला एक उंच, हाडकुळी बाई आली, सोबत एक वायरमन. तिने आधी सगळं घर मोजलं, भिंतींची जाडी, खिडक्यांच्या फटी, छताची उंची. स्वयंपाकघरातलं भोक पाहून तिने विचारलं, हे नवीन पाडलंय का. जुनंच आहे, परवा उघडलं, असं काका म्हणाले. तिने एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि वहीत काही न लिहिता पुढे गेली.

काकांना त्या यंत्राचं काही केल्या पटत नव्हतं. जळत काहीच नाही तर ऊब येते कुठून? बाईने समजावलं की हा पंप ऊब तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली गोळा करून आत आणतो. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा त्याच्या उलट. बाहेर बर्फ असलं तरी हवेत थोडी ऊब असतेच. काकांनी आयुष्यभर ज्योतीचा रंग पाहून माणसाचं घर ओळखलं होतं. निळी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे धोका. इथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं. तरी त्यांनी तीन दिवस गुमान बॅटरी धरली, पाइप कापून दिले, खोल्या तापवणारे जुने दोन रेडिएटर काढून त्यांच्या जागी रुंद नवे बसवायला खांदा दिला. अंगणात रबराच्या पायांवर मोठा पांढरा डबा उभा राहिला. बॉयलरची जागा गरम पाण्याच्या टाकीने घेतली.

गॅस तोडायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मुख्य नळ बंद केला, पाइप कापला, तोंडावर पितळी टोपण आवळलं, साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का पाहिलं. कनेक्शन बंद केल्याच्या फॉर्मवर दोन सह्या लागतात, एक ग्राहकाची, एक तंत्रज्ञाची. त्यांनी दोन्ही केल्या. जाड्या म्हणाला की हे नियमात बसत नाही. "बसव," काका म्हणाले.

काकू घरी आल्या तेव्हा त्यांनी सगळं घर हळूहळू फिरून पाहिलं. रेडिएटरला हात लावून त्या म्हणाल्या, हा तर कोमट आहे. पूर्वी त्या तापलेल्या रेडिएटरला पाठ टेकून उभ्या राहायच्या आणि चटका बसला की पुढे सरकायच्या. आता खोली उबदार होती पण पाठ टेकायला काही उरलं नव्हतं. "पाहुणा घरात आहे, पण दिसत नाही, असं वाटतं," त्या म्हणाल्या. नव्या विजेच्या शेगडीला चुंबक चिकटेल तीच भांडी चालत, म्हणून त्यांनी टाचण्या गोळा करायचं आपलं लोहचुंबक आणलं आणि एकेका भांड्याच्या बुडाला लावलं. जी चिकटली नाहीत ती एका पेटीत गेली. त्यात वाफेचं पातेलंही होतं. त्याला चुंबक दोनदा लावून पाहिलं.

मग दोन महिने बरे गेले. खरंच बरे गेले. झोपेतला खोकला कमी झाला. काकू कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाऊन यायला लागल्या, येताना एकदाच थांबायच्या. त्यांनी कामंही घेतली, थोडीच. काका कामावरून आले की त्यांना आधी मशीनचा आवाज ऐकू यायचा आणि ते दारातच जरा उभे राहायचे. "आता तुम्हाला गॅसवाले तरी कसं म्हणायचं?" काकू विचारायच्या. "लोकांना काय सांगू, हवावाले?"

फेब्रुवारीत थंडीची लाट आली आणि फ्लूची साथही. कुणाकडून लागण झाली ते कळलं नाही. गिऱ्हाइकाकडून असेल, दुकानातून असेल, काकांकडूनच असेल. ते रोज दहा घरं फिरत होते. चार दिवसांत काकूंची छाती भरून आली. या वेळी दवाखान्यात त्यांनी थट्टा केली नाही. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी किती वाजले विचारलं. साडेतीन, असं काकांनी सांगितलं. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले, आणि मग काकांच्या हातातला हात हळूहळू जड होत गेला.

भेटायला आलेले सगळे एकच बोलत होते. तुम्ही काही करायचं बाकी ठेवलं नाही, तिच्यासाठी अख्खं घर बदललंत. काका हात जोडून ऐकत. प्रत्येक वेळी आत काहीतरी रुतत होतं आणि ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं. शेवटी ते डॉक्टर बाईंकडे गेले. दोन वर्षं आधी केलं असतं तर, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

डॉक्टर बाई खोटं बोलल्या नाहीत. लहानपणचा न्यूमोनिया होता, कपड्यांची धूळ होती, स्वयंपाकघर होतं, असं त्या म्हणाल्या. कशाचा वाटा किती, हे कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित काही वर्षं मिळाली असती, कदाचित काहीच फरक पडला नसता. काकांना होय तरी हवं होतं किंवा नाही तरी. दोन्ही न मिळता ते परत आले.

मुलगी पंधरा दिवस राहिली. शेवटच्या दोन दिवसांत तिने आईची अर्धवट कामं आवरायला घेतली. नऊ कपडे होते, प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली. जे झाले होते ते झाले म्हणून, जे नव्हते ते तसेच, दोघांनी घरोघर नेऊन दिले. लोक दारातच रडले. एका बाईने अर्धवट उसवलेला स्कर्ट छातीशी धरला आणि आता हा असाच ठेवीन, असं म्हणाली.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी काकांनी सांगून टाकलं. स्वयंपाकघरातली जाळी मी बुजवली होती, तुझ्या जन्माच्या आधीपासून. डॉक्टरांशी खोटं बोललो.

मुलगी चालत राहिली. "मला माहितीये," ती म्हणाली. "तुम्ही आहे म्हणालात ना, त्याच दिवशी आईने सांगितलं. मास्क बाजूला करून. म्हणाली, त्यांना बोलू नकोस, ते घरी जाऊन आपणहून उघडतील."

काकांचे पाय थांबले. "तिच्या लक्षात होतं?"

"त्यानंतर तीन वेळा ती भिंत तिनेच रंगवलीये, बाबा. पत्रा हाताला लागत नसेल?"

एक सायकलवाला घंटी वाजवत मधून गेला.

"आई तुमच्यावर रागावली नव्हती," मुलगी म्हणाली. "जाळीसाठी मीही नाही. तिला थंडी वाजत होती, तुम्ही बुजवलीत. पण दोन वर्षं मी सांगत होते, आणि तुम्ही मला मीटरचा फोटो दाखवत राहिलात. त्याचा राग आहे. मी तो घेऊनच जाणारे, खोटं कशाला सांगू?"

"असू दे," काका म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या चुकीबद्दल खरं बोललं होतं. त्यांनी तिच्या हातातली रिकामी पिशवी घेतली आणि दोघं घरी आले.

मुलगी गेली. रविवारी फोन यायचा, कामापुरता. जेवलात का, गोळ्या घेता का. काकांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. त्यांनी साहेबांकडे जाऊन गळतीचं काम सोडलं आणि वार्षिक तपासणीचं मागून घेतलं, जे कुणालाच नको असतं. जुन्या वस्तीत ते दारोदार फिरले. जाळ्या उघडायला लावल्या, स्वतः उघडून दिल्या. पूर्वीसारखं कुणाला सुनावलं नाही. एखाद्या घरी कुणी खोकताना दिसलं तर खाली बसून सगळं नीट सांगत. ऐकणारे ऐकायचे, बाकीचे दार लावून घ्यायचे. जाड्या म्हणायचा की आपलीच गिऱ्हाइकं तू पळवतोस. मग तोच गाडी चालवत त्यांना पुढच्या गल्लीत न्यायचा.

पुढच्या हिवाळ्यात, सुट्ट्या लागल्यावर, मुलगी न कळवता आली. काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात ओव्हरकोट होता, डोक्यावर कानटोपी. बाहेर निघालात का, असं तिने विचारलं. ते नाही म्हणाले. ती आत आली आणि तोंडातून वाफ निघताना पाहून जागीच थांबली. भिंतीवरच्या पंपाच्या छोट्या पडद्यावर खोलीचं तापमान आठ अंश दिसत होतं. पाइप गोठू नयेत एवढ्यापुरताच पंप चालू होता. पलंगावर सगळ्या रजया एकावर एक होत्या. शेगडीवर चहाचं भांडं, आणि दुसरं काही शिजवल्याची खूण नव्हती.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

थंडी सुरू झाल्यापासून, असं काका म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "तो तिच्यासाठी बसवला होता. मी एकटा काय करू त्याचं."

मुलीने बॅग खाली ठेवली, हातमोजा दाताने ओढून काढला आणि पडद्यावर आकडा वाढवत एकवीसवर आणला.

"आई नाहीये आता, बाबा," ती म्हणाली. "मी आलेय. मला थंडी वाजते."

अंगणातला डबा घरघरला. रेडिएटर इतक्यात कोमटसुद्धा होणार नव्हते. एवढ्या गार पडलेल्या घराला वेळ लागतो, जेवणाच्या वेळेपर्यंत होईल, असं काका म्हणाले. होऊ दे, असं मुलगी म्हणाली. तिने फ्रिज उघडला, त्यात दोन बटाटे आणि अर्धं गाजर होतं. तेवढंच काढून ती कोट न काढता टेबलाशी बसली आणि सोलायला लागली. काकांनी दुसरी सुरी शोधली आणि तिच्या समोर बसले.